मस्ट, हॅव टु, शुड: सगळ्यांचं मराठी म्हणे 'पाहिजे'!

स्वल्पविराम: 'मस्ट, शुड, हॅव टु, तिन्हींचा अर्थ पाहिजे, फरक हा शिकवणीवाल्यांचा धंदा' असं कालच्या धाग्यात कुणीतरी ठोकून दिलंय. होकारात एकवेळ खपेल, नकार करून बघा. 'यू मस्टन्ट टेल हिम' म्हणजे त्याला सांगता कामा नये. 'यू डोन्ट हॅव टु टेल हिम' म्हणजे सांगायची गरज नाही, सांगितलंत तरी चालेल. एक मनाई, दुसरी मोकळीक. आणि मराठीत एकच शब्द आहे हे कुणी सांगितलं? 'जावं लागलं' म्हणजे गेलो. 'जायला हवं होतं' म्हणजे गेलो नाही. हॅड टु गो, शुड हॅव गॉन. चपखल बसतंय की.

तिरकस: बोलताना हॅव टु सगळीकडे भागवतं. मस्टला धड भूतकाळ नाही. 'ही मस्ट हॅव गॉन' म्हणजे 'गेला असणार', तिथे सक्ती संपून तर्क सुरू. असल्या लंगड्या क्रियापदासाठी एवढी आदळआपट?

मसुदेकार: खरा गुन्हेगार शॅल! कायद्याच्या मसुद्यात एका कलमात बंधन, पुढच्यात नुसता भविष्यकाळ. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांच्या दिवाणी कामकाजाच्या नियमांतून २००७ साली त्याला हाकललाच.

स्वल्पविराम: विषय काय, चाललात कुठे?

कानामात्रा: हाकलला? अर्धवट माहिती. खटला न चालवता निकाल देण्याच्या नियम ५६ मध्ये शॅल काढून शुड घातला, आणि २०१० साली शॅल परत आणावा लागला. दुसरा कुठलाही शब्द घातला तर निकषच बदलायची भीती. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांत तर आजही आवश्यकता शॅलनेच लिहितात, शुड म्हणजे शिफारस.

मसुदेकार: एक अपवाद सापडला की नाचायचं! इंटरनेटच्या तांत्रिक मानकांत हे शब्द कसे वाचायचे ते सांगणारं आरएफसी २११९ वाचा, १९९७ चं. मस्ट आणि शॅल एकच धरलेत.

कानामात्रा: वाचलंय, तुम्ही पुढचंही वाचा. शुड म्हणजे सबळ कारण असेल तर परिणाम तोलून सोडता येतं. आणि हे अर्थ फक्त कॅपिटल अक्षरांत, असा खुलासा २०१७ मध्ये वेगळा काढावा लागला. इतकं तुमचं ते 'स्पष्ट'!

तिरकस: बरं बाबा, नकारापुरतं मान्य. व्हा खूश. शॅलवाल्यांनी आता वेगळा धागा काढावा.

मसुदेकार: काढावा, की काढलाच पाहिजे?

स्वल्पविराम: काढावा लागेल.