चर्चा: खत, पाणी, बियाणं... कोणाचा वाटा किती, हा प्रश्नच फोल आहे का?

वावरवाला (दारव्हा)
राजेहो, दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या पारावर हेच चालू असते. पीक साधलं का बियाणेवाला म्हणते माह्या बियाण्यानं, कृषी केंद्रवाला म्हणते माह्या खतानं, म्हातारे म्हणते पाण्यानं, आन मग कोणीतरी शहाणा विचारते का बाप्पा टक्क्यात सांगा कोणाचा किती वाटा. माह्या मते हा प्रश्नच फोल हाये. समजा कोरडवाहू वावरात एकरी 4 क्विंटल कापूस होते. नुसता युरिया वाढवला तं साडेचार, नुसतं ओलीत केलं तं 6, आन दोन्ही केलं तं 10 (आकडे समजायसाठी घेतले, सातबारा मांगू नका). आता पाहा, एकूण वाढले 6. युरियाचा एकट्याचा अर्धा, पाण्याचे एकट्याचे 2, झाले अडीच. उरलेले साडेतीन कोणाच्या खात्यावर टाकता? कोणाच्याच नाई, ते दोघं एका जागी आले म्हणून झाले. यालेच इंटरॅक्शन म्हणते. रोनाल्ड फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ 1919 मध्ये इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती केंद्रात लागला आन 1926 मध्ये त्यानं सरळ लिहिलं का एका टायमाले एकच गोष्ट बदलून पाहाची रीत सोडा, सगळ्या जोड्यांचा तक्ता करून प्लॉट टाका. आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात पोरं आजही तसेच प्लॉट टाकते. माहं म्हणणं एवढंच का औषध असो, समाज असो, फिजिक्स असो, सगळीकडं हीच एक गोष्ट हाये, फक्त पुस्तकं वेगळी.

अकरावी-बारावी फिजिक्स (वाशीम)
भाऊ, शेतीपुरतं ठीक आहे, पण फिजिक्सला यात ओढू नका. आमच्याकडे इंटरॅक्शन म्हणजे मूलभूत बलं, ती चारच, गुरुत्व, विद्युतचुंबकीय आणि अणूच्या गाभ्यातली स्ट्राँग आणि वीक. आणि त्यातलं पहिलंच तुमच्या व्याख्येत बसत नाही. न्यूटनचं गुरुत्व घ्या, अंतर तेवढंच असलं तर सूर्य असो का नसो, पृथ्वी चंद्राला तेवढ्याच जोरानं ओढते. सूर्य-पृथ्वी दोघांची ओढ काढायची आणि दिशा पाहून बेरीज करायची, संपला विषय. म्हणजे जिथं साधी बेरीज चालते तिथं आम्ही इंटरॅक्शन म्हणतो आणि जिथं बेरीज चुकते तिथं तुम्ही म्हणता. अगदी उलट झालं ना हे?

वावरवाला (दारव्हा)
सर तुमचाच फॉर्म्युला उघडा. दोन वस्तुमानांचा गुणाकार हाये ना त्यात? मंग एक वस्तुमान वाढवलं तं ओढ कितीनं वाढन हे दुसरं केवढं हाये त्याच्यावरच ठरते. एक शून्य असलं तं दुसरं कितीबी वाढवा, काहीच नाई. माह्या युरिया-पाण्यावाणीच झालं का नाई?

अकरावी-बारावी फिजिक्स (वाशीम)
छान पकडलंत. पण मग मी दोन्ही बाजूंचा लॉग (लॉगॅरिथम) घेतो. गुणाकाराची बेरीज झाली, तुमचं इंटरॅक्शन गायब! वस्तू त्याच, ओढ तीच, फक्त मोजायची पट्टी बदलली. पट्टी बदलल्यावर जी गोष्ट नाहीशी होते ती निसर्गात होती का तुमच्या वहीत, एवढं सांगा.

काटा_मारू_नका (पुसद)
सर त्याच्या आकड्याचा लॉग घेऊन पाहा तं खरं. युरियानं आठवा हिस्सा वाढ म्हणजे 1.125 पट, पाण्यानं दीडपट, दोन्ही मिळून 6.75 क्विंटल यायले पाहिजे. त्यानं 10 लिहिले. लॉगनंबी नाई जात ते 😄

खारपाणपट्टा (दर्यापूर)
लॉग बिग जाऊ द्या. आमच्या पूर्णा नदीकाठच्या पट्ट्यात या. खाली बोअर मारला का खारं पाणी लागते. ते काळ्या चिकट मातीले दिलं तं दोन-तीन वर्षांत वरची माती अशी आवळते का पाणी मुरत नाई, वरच साचून राहाते, आन उन्हाळ्यात ढेकूळ कुदळीनं फुटत नाई. परतवाड्याकडं बोअरच्या भरवशावर संत्र्याच्या बागा उभ्या हाये. तिकडं ओलीत म्हणजे लक्ष्मी, आमच्याकडं ओलीत म्हणजे वावराचं मरण. पाण्यानं फायदा किती ते सांगा आता!

अकरावी-बारावी फिजिक्स (वाशीम)
दादा ते पाणीच वेगळं आहे, खारं आणि गोड. दोन वेगळ्या गोष्टींचा वेगळा परिणाम झाला, यात इंटरॅक्शन कुठून आलं?

खारपाणपट्टा (दर्यापूर)
मंग तेच खारं पाणी रेताड जमिनीले देऊन पाहा ना सर. तिथं मीठ पावसानं खाली धुवून जाते, राजस्थानात असं पाणी शेतीले वापरतेच. पाणी तेच, माती बदलली का नुकसान बदलते.

लॅबवाला (गडचिरोली)
सरांच्या लॉगवर माझ्याकडं पक्कं उत्तर आहे. आमच्या भागात सिकलसेल, म्हणजे जीनमधून येणारा रक्ताचा आजार, किती आहे हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला आई-बाप दोघांकडून तो जीन मिळाला त्याचे हाल मी रोज पाहतो, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याला एकाकडूनच मिळाला, म्हणजे एएस वाहक, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळते, हे ॲलिसन नावाच्या डॉक्टरनं 1954 मध्ये आफ्रिकेत दाखवलं. म्हणजे जंगलात, डासांच्या मुलखात तो एक जीन कामाचा. मलेरिया नसलेल्या शहरात त्याचा तो फायदा शून्य, फक्त पोरांमध्ये आजार उतरायची भीती उरते. फायद्याचा तोटा होतो, चिन्हच पलटते. आता घ्या लॉग. पट्टी कोणतीही लावा, वरचं खाली अन् खालचं वर नाही होत. जीन चांगला का वाईट हे एकट्या जीनला विचारून कळतच नाही.

अकरावी-बारावी फिजिक्स (वाशीम)
हे मान्य. चिन्ह पलटलं तर पट्टीचा दोष नाही. पण मग तुमच्यातली अशी पलटणारीच उदाहरणं खरी धरा, बाकीच्यांवर माझी शंका कायम.

आशाताई (आर्णी)
तुमचं सगळं मोठं मोठं चालू आहे, मी रोजचं सांगते. गरोदर बाईला लोहाची गोळी देते आन शंभरदा सांगते का बाई चहासंगं घेऊ नको, लिंबूपाण्यासंगं घे. चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबानं जास्त लागते. गोळी तीच! आन 2017 च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन 20 च्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हाही सारे विचारत होते का नेमकं कशानं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड डोक्याच्या वर गेलेलं, हवा दमट, अंगात साधी बनियान, ना मास्क ना हातमोजे, पंपात दोन-तीन दवाया एकत्र कालवलेल्या. यातलं एक काढून दाखवा न् म्हणा हेच कारण. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली दवाई असली तर ती सायपरमेथ्रिनसारख्या दुसऱ्या दवाईला फोडणारी अंगातली यंत्रणाच बंद पाडते, मग दुसरीचं विष जास्त चढते. किडीलाही न् माणसालाही.

एमए समाजशास्त्र (वर्धा)
ताई, तुमचं उदाहरण जबरदस्त आहे पण मी त्याच्यावरूनच वावरवाला दादांना विरोध करते. गोळीवर चहाचा परिणाम झाला, चहाला गोळीनं काय झालं? काहीच नाही. हे एकतर्फी आहे. माणसं भेटतात तेव्हा दोघंही बदलतात किंवा बदलायला हवीत, हा आमचा विषय. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युईनं 1949 मध्ये आर्थर बेंटलीसोबत हाच फरक केला होता, आधीपासून पक्क्या असलेल्या दोन गोष्टींनी एकमेकींना धक्का देणं वेगळं आणि संबंधातूनच दोघींना रूप येणं वेगळं. त्याच ड्युईंचे विद्यार्थी बाबासाहेब. 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि देऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी 'सोशल एंडोस्मोसिस' म्हटलं, म्हणजे पेशीच्या पडद्यातून जसं झिरपते तसं समाजाच्या एका भागातलं दुसऱ्यात झिरपलं पाहिजे. आता आपलं गाव बघा. कापूस वेचायला सगळ्या जातीच्या बाया एकाच वावरात, हप्ताभर बोलणं-चालणं, उसनवारी सगळं. आणि सोयरीक निघाली की प्रत्येकजण आपापल्या जातीत. तुमच्या फिशरच्या तक्त्यात हे बसवून दाखवा. संबंध भरपूर, झिरपणं शून्य.

वावरवाला (दारव्हा)
ताई, झिरपणं माह्या तक्त्यात दिसत नाई, कबूल. पण तुमच्याच विषयातलं एक बसते. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईनं 1989 मध्ये अमेरिकेतली एक कोर्टकेस मांडली होती. मोटार कंपनीनं काळ्या बायांले कामावरून काढलं. कोर्टानं बाया वेगळ्या पाहिल्या, तं गोऱ्या बाया कामावर होत्या. काळे वेगळे पाहायचे, तं काळे पुरुष कामावर होते. म्हणजे अन्याय नाई! दोन्ही रकाने ठीक दिसते आन जिथं ते एकमेकांले छेदते त्या चौकटीत काळ्या बायांचं नुकसान. हे साडेतीन क्विंटलच हाये ताई, फक्त कापसाच्या जागी माणूस. दलित बाईचं आपल्याकडं असंच होते.

एमए समाजशास्त्र (वर्धा)
होय, नुकसान कुठं आहे ते तुमची चौकट दाखवते आणि ते लहान काम नाही. पण ते नुकसान कोण रोज घडवते, कोणत्या विहिरीवर, कोणत्या ओट्यावर, कोणत्या शब्दांनी, हे चौकट सांगत नाही. त्यासाठी गावात जाऊन बसावं लागते. म्हणून दोन्हीला एकच म्हणू नका एवढंच माझं म्हणणं, वापरा दोन्ही.

अकरावी-बारावी फिजिक्स (वाशीम)
मॅडमशी मी शंभर टक्के. आणि एक नोंद, आमच्याकडं मात्र दोन्ही बाजूंना होते, पृथ्वी चंद्राला ओढते तितक्याच जोरानं चंद्र पृथ्वीला. म्हणजे त्या बाबतीत फिजिक्स समाजशास्त्राच्या जवळ आणि शेतीशास्त्र लांब 😀

वावरवाला (दारव्हा)
सर, तूर हवेतला नायट्रोजन धरते ते गाठीतल्या जिवाणूच्या भरवशावर, आन तो जिवाणू जगते तुरीच्या साखरेवर. शेतीतबी दोन्ही बाजूनं असते, फक्त आमच्या तक्त्यात एकच बाजू लिहायची सवय.

नवीन_गडी (घाटंजी)
हे सगळं वाचलं, अर्धं समजलं. मले फक्त एवढं सांगा, उद्या सकाळी फवारणी हाये, दुकानदारानं दोन दवाया दिल्या, एका पंपात टाकू का नको?

आशाताई (आर्णी)
नको रे बाबा. दोन्ही डब्यांवरचं लेबल वाच, मिसळा म्हणून लिहिलं नसन किंवा विद्यापीठाची शिफारस नसन तर वेगवेगळ्या दिवशी मार. पूर्ण बाह्याचा शर्ट, मास्क, हातमोजे घाल, वाऱ्याच्या उलट्या दिशेनं चालू नको, आन पऱ्हाटी डोक्याएवढी झाली असन तर कृषी सहायकाला विचारल्याशिवाय आत शिरू नको.