सल्ला हवा: 'सिथ लॉर्ड्स' अर्धवट गेम आहे म्हणतात, घ्यावा का?

घणसोलीकर
नमस्कार मंडळी. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातल्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक' या गेमचा पहिला भाग नुकताच संपवला, अजून डोक्यातून जात नाही. २००३ चा गेम, चित्रं आता जुनाट दिसतात, पण कथेनं शेवटपर्यंत धरून ठेवलं. आता दुसरा भाग, 'द सिथ लॉर्ड्स', घ्यायचा विचार आहे. पण जिथे वाचावं तिथे एकच ऐकू येतं: शेवट गायब आहे, अख्खा ग्रह कापलाय, मॉडशिवाय, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या जोडणीशिवाय, हात लावू नका. ऑफिसातला मित्र तर म्हणतो, पैसे वाया जातील.

माझ्याकडे साधा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वेळ मिळतो तो रात्री मुलगी झोपल्यावर, नाहीतर ठाण्याच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर. म्हणून फोनवरच्या आवृत्तीचाही विचार चाललाय. घ्यावा का, मॉडसकट की आहे तसा, आणि कशावर? कथा फोडू नका, प्लीज.

कोपरी_पूर्व
घ्या, डोळे मिटून घ्या. पण माझं मत जरा वेगळं आहे. पहिल्यांदा आहे तसाच खेळा. डिसेंबर २००४ मध्ये एक्सबॉक्सवर आणि फेब्रुवारी २००५ मध्ये पीसीवर लोकांच्या हाती जे पडलं, तेच आधी बघावं. कुठे तुटलंय ते स्वतः अनुभवलं की मग मॉडची किंमत कळते.

तलावपाळी
कोपरीकर, तुमचा मुद्दा समजतो, पण ज्या माणसाला रात्री मुलगी झोपल्यावर तासभर मिळतो त्याला एवढा मोठा गेम दोनदा खेळायला सांगणं मला पटत नाही. घणसोलीकर, तुम्ही पहिल्याच खेपेला मॉड टाका. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण 'अर्धवट' एवढं एकच म्हणून लोक या गेमवर अन्याय करतात.

पहिला भाग बायोवेअर या कंपनीनं केला. दुसऱ्याच्या वेळी त्यांच्या हातात स्वतःचे वेगळे गेम होते, म्हणून काम गेलं ऑब्सिडियनकडे. ही कंपनी २००३ मध्येच निघालेली, ब्लॅक आयल हा गेम स्टुडिओ सोडून आलेल्या लोकांची, आणि हा त्यांचा पहिलाच गेम. इंजिन पहिल्या भागाचंच मिळालं, त्यामुळे पाया तयार होता. पण वेळ मिळाला जेमतेम सव्वा वर्षाच्या आसपास. प्रकाशक लुकासआर्ट्सला नाताळच्या हंगामात गेम दुकानात हवा होता, आणि ती तारीख पाळली गेली. घोडबंदरला ओसीच्या आधीच पझेशन दिलेल्या इमारती आपण पाहिल्यात, तसंच झालं: खालचे मजले अप्रतिम, गच्चीकडे जाणारा जिना मध्येच संपलेला.

फक्त प्रकाशकाला शिव्या घालणंही बरोबर नाही. मुख्य डिझायनर ख्रिस अॅव्हेलोन यांनी नंतरच्या मुलाखतींमध्ये कबूल केलंय की मिळालेल्या वेळात बसणार नाही एवढं त्यांनी आखलं होतं. साथीदार जास्त, त्यांचे आपसातले वाद जास्त, आणि तुम्ही कोणाशी कसं वागता त्यावर प्रत्येकाची कथा उलगडणार. ते सगळं लिहिलं गेलं, बरंचसं आवाजासकट ध्वनिमुद्रितही झालं, आणि शेवटच्या टप्प्यात वेळ संपला. म्हणून मार बसला तो शेवटालाच.

कथा न फोडता दोन उदाहरणं देतो. एम४-७८ नावाचा यंत्रमानवांचा ग्रह पूर्ण कापला. तिथे एक जेडी मास्टर भेटायच्या होत्या. ग्रहच गेल्यावर त्यांचं करायचं काय? दुसऱ्या ग्रहावर एका खोलीत त्यांचा मृतदेह ठेवून दिला. मूळ गेम खेळताना तुम्ही त्या खोलीत जाता, प्रेत दिसतं, आणि एवढा शोध घेतला तो यासाठी का, असं मनात येतं. दुसरं शेवटच्या ग्रहावरचं. एका छोट्या यंत्रावर मोठी कामगिरी सोपवलेली असते. त्याची वाट अडवून कुणीतरी उभं राहतं, दोन वाक्यं होतात, प्रसंग तुटतो. पुढे काय झालं ते मूळ गेममध्ये कधीच कळत नाही. मला हे फार लागलं होतं, कारण तोपर्यंत त्या यंत्रावरसुद्धा जीव जडलेला असतो.

आता नशिबाची गोष्ट अशी, की कापलेले संवाद आणि आवाज गेमच्या फाइल्समध्ये तसेच पडून होते. चाहत्यांनी ते शोधून जुळवले. टीम गिझ्का नावाच्या गटानं सुरुवात केली, त्यांचं काम रखडलं. मग दुसऱ्या गटानं 'द सिथ लॉर्ड्स रिस्टोअर्ड कंटेंट मॉड' पूर्ण केला, सगळे त्याला टीएसएलआरसीएम म्हणतात. त्यात एचके-४७ या यंत्रमानवाचं कारखान्याचं प्रकरण परत येतं, शेवटचे प्रसंग जोडले जातात, आणि शेकडो बारीक चुका दुरुस्त होतात. फुकट आहे. पगार न घेता वर्षानुवर्षं बसून दुसऱ्याचं अपुरं काम निगुतीनं पूर्ण करणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि गेम का घ्यायचा? क्रेयासाठी. सुरुवातीपासून तुमच्या बरोबर असलेली ही म्हातारी. नार शद्दा या ठिकाणी एक भिकारी पैसे मागतो. द्या, तर क्रेया तुम्हाला दाखवते की ते पैसे बघून दुसऱ्यानं त्याला कसं लुबाडलं. हाकलून द्या, तर तो आपला राग तिसऱ्याच माणसावर काढतो. दोन्हीकडून बोलणी तुम्हालाच. चांगलं-वाईट असं सरळ माप लावणाऱ्या या विश्वात असा प्रश्न विचारणारं पात्र मला दुसरं भेटलं नाही. तिला दिलेला सारा केस्टलमन यांचा आवाज हेडफोन लावूनच ऐका.

सायली_वाशी
तलावपाळी, +१. एक भर घालते: एम४-७८ ग्रह परत आणणारा वेगळा मॉड आहे, तो पहिल्या खेपेला टाकू नका. त्यात चाहत्यांनी स्वतः भर घातलेला भाग बराच आहे, धावाधावही फार, कथेची लय मोडते. टीएसएलआरसीएम मात्र हवाच.

फोनचं सांगते. डिसेंबर २०२० पासून अँड्रॉइड आणि आयफोनवर गेम आहे, टचवर चालतोही बरा. पण फोनवर मॉड घालायचा म्हणजे फाइल्स हातानं हलवण्याची खटपट. निन्टेंडो स्विचवर २०२२ मध्ये आला तेव्हा कापलेला भाग डीएलसी म्हणून, म्हणजे नंतर उतरवायची जोड म्हणून, देऊ असं जाहीर झालं होतं, जून २०२३ मध्ये ते रद्दच केलं. तेव्हा लॅपटॉप बरा. गेम जुना आहे, कार्ड नसलं तरी अडणार नाही.

घणसोलीकर
सायलीताई, तलावपाळी, खूप आभार. फोनचा विचार सोडला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर, त्यातल्या मॉडच्या विभागातून (वर्कशॉप) सबस्क्राइब केलं की झालं ना? आणि पहिल्या भागातला माझा सेव्ह (साठवलेला खेळ) यात चालतो का?

सायली_वाशी
फक्त हा एकच मॉड टाकणार असाल तर वर्कशॉप चालेल. पुढे आणखी मॉड घालायचे असतील तर तो डाउनलोड करून हातानं टाका, आणि सगळ्यांत आधी हाच. मॉड टाकल्यावर नवा गेम सुरू करायचा, जुन्या सेव्हवर चालवू नका. सेटिंग्जमध्ये व्ही-सिंक चालू ठेवा, नाहीतर सेकंदाला ६० च्या वर फ्रेम गेल्या की लढाई संपल्यावर पात्र जागीच अडकतं. सेव्ह एकाच जागेवर पुन्हा पुन्हा करू नका.

कोपरी_पूर्व
पेरागस, म्हणजे पहिली खाण, जरा लांबते. सगळीकडे शुकशुकाट, बोलायला माणूस नाही. तिथेच लोक सोडतात. पुढच्या टेलोस या ठिकाणापर्यंत धीर धरा.

तलावपाळी
पहिल्या भागातला सेव्ह यात येत नाही. त्याऐवजी पेरागसवर अॅटन या साथीदाराशी बोलताना पहिल्या भागातल्या रेव्हनचा विषय निघतो. रेव्हन पुरुष होता की स्त्री, शेवटी कुठल्या बाजूला गेला, हे तुमच्या उत्तरांवरून ठरतं आणि पुढे त्यानुसार संवाद बदलतात. अॅटन साधी बडबड करतोय असं वाटतं आणि लोक पुढे पुढे क्लिक करत सुटतात. तुम्ही त्या बोलण्यात तुमच्या पहिल्या भागाप्रमाणेच उत्तरं द्या. आणि त्याच्याशी बोलण्याच्या आधी एक वेगळा सेव्ह करून ठेवा.