अनुभव धागा: गाडी साडेसहाची, कागदावर आठ लाख कशी?

संत्राबर्फी
काल भाचा गाडीचं कोटेशन घेऊन आला. दसऱ्याला घ्यायचीय त्याला. एक्स-शोरूम 6,50,000. आरटीओ 71,500, इन्शुरन्स 46,000, अ‍ॅक्सेसरी किट 18,000, एक्स्टेंडेड वॉरंटी 12,500, लॉजिस्टिक 6,000. एकूण 8,04,000. कागद पाहिला आणि आमची पहिली गाडी आठवली. ह्यांनी तेव्हा 'हँडलिंग चार्जेस'भोवती पेनानं गोल काढून सेल्समनला विचारलं होतं, "हे कोणाला हँडल करायचे पैसे?" पोरगा हसला, आत गेला आणि ती ओळच खोडून आणली. भाच्याच्या कागदावर तीच बाई 'लॉजिस्टिक' हे नवीन नाव लावून बसलीय. तुम्हाला काय काय लावलं होतं? लिहा सगळे.

बुटीबोरी_लोकल
आरटीओचा टॅक्स बरोबर आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, खासगी नावावर. कंपनीच्या नावावर घेतली की 20, आमच्या साहेबांनी तसंच केलं अन् मग बोंबलले. टॅक्स आणि विमा सोडला तर त्या कागदावरचं बाकी सगळं ऐच्छिक.

कडकऊन४६
लॉजिस्टिक म्हंजे गोदामातून शोरूमपर्यंत आणायचं भाडं म्हणे. मी म्हटलं भाऊ, मग मी गोदामातूनच घेऊन जातो ना, चावी दे. तर मॅनेजरले बोलावून राहिला होता 😂 शेवटी काढलं.

दुपारचाचहा
विम्यावर भांडा, तिथं खरा पैसा आहे. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, तीन वर्षांचा सक्तीचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. आणि शोरूमवाल्याकडूनच घ्या असं कुठेही नाही. आम्ही बाहेरून कोटेशन काढलं, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (पार्टची झीज न कापता भरपाई), 31 हजार. मोबाईल पुढं केल्यावर शोरूमचे 44 चे 33 झाले. मग त्यांच्याकडूनच घेतला, क्लेमच्या वेळी धावाधाव नको. फक्त आयडीव्ही बघा हं, ती खाली ओढून पण विमा स्वस्त दाखवतात.

संत्राबर्फी
हे भाच्याला आत्ताच फॉरवर्ड केलं. तो म्हणतो "आत्या, भांडायला तूच चल."

कडकऊन४६
जा न बाप्पा, तर्री-पोहे त्याच्याकडून वसूल करजा.

नागनदीकाठ
इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे विम्यावर जादा पैसे भरून घ्यायचं इंजिनाचं अ‍ॅडऑन, कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 2023 च्या सप्टेंबरात आपल्या नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री आमच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाणी. सकाळी शेजारच्या काकांनी गाडी चालू होते का बघायला किल्ली फिरवली. इंजिनात पाणी गेलेलं, आतून वाकलं सगळं. साध्या पॉलिसीत ते बसत नाही म्हणाले. आमची तशीच टो करून नेली, आणि ते अ‍ॅडऑन होतं म्हणून निभावलं. हजार-दोन हजारांसाठी हे नका सोडू. किट सोडा खुशाल. अजून वास आठवतो तो गाडीतला.

मानेवाडा_एक्सप्रेस
आई गं. आमच्याकडे तेव्हा फक्त लाइट गेले होते.

हप्तेवाला
कुकर लावलाय, घाईत लिहितो. हप्त्याचं बघा. सहा लाख कर्ज, 9 टक्के. सात वर्षांचा हप्ता साधारण 9,650, पाच वर्षांचा 12,450. सेल्समन सातचाच सांगतो, ऐकायला गोड. पण सातमध्ये व्याज 2 लाख 11 हजार जातं, पाचमध्ये 1 लाख 47 हजार. त्यात प्रोसेसिंग फी वेगळी. तीन शिट्ट्या झाल्या, येतो.

हप्तेवाला
आलो. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) घेऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीवरचा, कर्जाचा बोजा उतरवून घ्या. लोक विसरतात, मग गाडी विकायच्या दिवशी गिरीपेठच्या आरटीओत पळतात.

आमचीजुनीगाडी
22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झाला, आधी 28 टक्के आणि वर सेस होता. चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल 1200 सीसीपर्यंत. माझी त्याच्या आदल्या महिन्यात डिलिव्हरी. बायको अजून टोमणे मारते, मुहूर्त तिच्याच माहेरच्या गुरुजींनी काढला होता हे ती सांगत नाही.

मानेवाडा_एक्सप्रेस
😂😂 गुरुजींना जीएसटी कौन्सिलवर घ्या.

धूळआणिधूर
सीएनजी घ्यावी का? रोज हिंगणा एमआयडीसी.

बुटीबोरी_लोकल
रोजचं आहे तर गणित बसतं. पण 2022 मध्ये इथं सीएनजी 120 रुपये किलो झाला होता हे विसरू नको. पंपावरची रांग पाहून घे, अन् डिक्कीत सिलिंडर, म्हणजे गावाकडून गव्हाचं पोतं मांडीवर.

दुपारचाचहा
एक राहिलं. वर्ष संपताना मोठी सूट देतात तेव्हा चेसिस नंबर मागा. त्यावरून बनल्याचं वर्ष कळतं, विकताना तेच बघतात. आणि पैसे भरायच्या आधी यार्डात जाऊन गाडी उजेडात बघा. आमच्या दाराला रंगाची ठिगळी होती, नखानं कळत होती. दुसरी मागितली.

संत्राबर्फी
पूजेचा खर्च कोणी धरला नाही! टेकडीला नेणार ना सगळे?

नागनदीकाठ
टेकडी गणपतीलाच. चाकाखाली लिंबू ठेवलं, ह्यांनी रिव्हर्स टाकला.

कडकऊन४६
म्हंजे लिंबू वाचलं 😂

मानेवाडा_एक्सप्रेस
आमच्या पोट्ट्याने नऊ बेरजेच्या नंबरसाठी वरून पैसे भरले. विचारलं काऊन, तर म्हणे मित्राचा आठ आहे.

धूळआणिधूर
बरं, मानेवाड्याकडं बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास आहे का कुठला? शिकवणारा ओरडणारा नको. आमची आधी शिकेल, मग गाडी.

मानेवाडा_एक्सप्रेस
आहे, रिंग रोडला. सर शांत आहेत. ओरडते ती मागं बसलेली त्यांची बायको. नंबर विपूत (तुझ्या पानावरच्या विचारपुशीत) टाकतो.