टेक्सास: लायसन्सवाल्या एजंटने घरचंच घर भाड्याने देताना काय लेखी द्यावं?

केटीकर:
बायकोकडे टेक्सासचं घरांच्या व्यवहाराचं सेल्स एजंटचं लायसन्स आहे. केटीतलं टाउनहाऊस भाड्याने द्यायचंय. मालकी आमच्या एलएलसीची (छोट्या कंपनीची), त्यात तिचा हिस्सा २५ टक्के. भाडेकरूंशी सगळं तीच बोलणार. लायसन्स आहे हे सांगावंच लागतं का? तोंडी चालेल? पुढे माझ्या भावाचं घरही तिनेच द्यावं म्हणतोय.

बायूकाठी:
सांगावंच लागतं, आणि तेही लेखी. टेक्सास रिअल इस्टेट कमिशनचा नियम ५३५.१४४ वाचा. स्वतःसाठी, नवरा-बायको, आईवडील किंवा मुलांसाठी, तसंच १० टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्या कंपनीसाठी व्यवहार केला की तो लागू होतो. तुमचे २५ टक्के म्हणजे प्रश्नच नाही.

खुलासा भाडेकरारात करा किंवा करार होण्याआधी दिलेल्या दुसऱ्या कागदात. ‘मी टेक्सासची लायसन्सधारक सेल्स एजंट असून मालक कंपनीत माझा हिस्सा आहे, हा व्यवहार मी त्या कंपनीच्या वतीने करत आहे’ एवढं पुरतं. पहिल्याच ईमेलमध्ये टाका आणि करारातही ठेवा. सह्या झाल्यावर पाठवलेल्या ईमेलला काही अर्थ नाही. कुणाचा तरी जुना लीज घेऊन नावं बदलली की नेमकं हेच वाक्य राहून जातं.

भाऊ मात्र त्या यादीत नाही. त्याच्या घरासाठी ती सरळ एजंट ठरते. ते काम ती ज्याच्या हाताखाली आहे त्या ब्रोकरमार्फतच करावं लागेल, कमिशनही त्याच्याकडूनच येईल. ‘घरचंच आहे’ म्हणून परस्पर केलं तर लायसन्सवर येतं.

पूररेषा:
लायसन्स असो-नसो, पुराची नोटीस विसरू नका. १ जानेवारी २०२२ पासून घर शंभर वर्षांच्या पूरक्षेत्रात (जिथे दरवर्षी पुराची शक्यता १ टक्का धरतात) आहे की नाही याबद्दलची माहिती आणि गेल्या ५ वर्षांत पाणी शिरून नुकसान झाल्याचं ठाऊक असेल तर तेही, वेगळ्या कागदावर, सहीच्या वेळी किंवा आधी द्यावं लागतं. लीजच्या पोटात घातलेलं कलम चालत नाही. नोटीस दिली नाही आणि पुरात भाडेकरूच्या सामानाचं निम्म्या किंवा त्याहून अधिक किमतीचं नुकसान झालं, तर ३० दिवसांत लेखी कळवून तो करार मोडू शकतो.

केटीकर:
घर १९९६ चं आहे. जुन्या रंगातल्या शिशाबद्दलचा फॉर्म लागेल?

बायूकाठी:
नाही, तो १९७८ पूर्वीच्या घरांना.

जाहिरात मात्र जपून. घर देताना भेदभाव करू नये सांगणाऱ्या फेअर हाउसिंग कायद्यात छोट्या मालकांना थोडी सूट आहे, पण ती एजंटची मदत न घेणाऱ्या खासगी मालकाला. इथे एलएलसी आणि लायसन्स दोन्ही आहेत, तेव्हा सूट नाही असंच धरा. आपल्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सर्रास दिसणारं ‘भारतीय कुटुंबाला प्राधान्य’ तर सूट असलेल्या मालकालाही लिहिता येत नाही.