अकाउंट्सच्या डिग्रीसाठी ९ लाखांचं लोन काढावं का?

*बी-३०२:* नमस्कार सगळ्यांना. विषय घरचाच आहे पण सोसायटीच्या ग्रुपवर बँकेतले, अकाउंट्समधले बरेच जण आहेत म्हणून विचारते. लेकीला बारावी कॉमर्सला ८४ टक्के पडले, आता तिला एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत अकाउंटिंगमध्ये बीकॉम करायचंय. फी वर्षाला ३ लाख, तीन वर्षांचे ९. हे म्हणतात लोन काढू, शिक्षणासाठी नाही काढायचं तर कशासाठी काढायचं. शुक्रवारपर्यंत सीटचे ५० हजार भरायचेत आणि मला दोन रात्री झोप नाही.

*ए-१०४:* वहिनी बिनधास्त काढा, पोरगी हुशार आहे 👍 शिकेपर्यंत हप्ता नसतो आणि व्याजावर इन्कम टॅक्समध्ये (८०ई) सूटपण मिळते

*सी-५०१ काका:* हप्ता नसतो हे खरं, पण व्याज पहिला चेक गेला त्या दिवसापासून चालू होतं. मी ३१ वर्षं बँकेत काढली, हे लोकांना हप्ता सुरू झाल्यावरच कळतं. आत्ता कागदावर मांडलं ते सांगतो. १० टक्के व्याज धरा. कोर्सची ३ वर्षं आणि पुढचं १ वर्ष सवलतीचं, बहुतेक बँका त्या काळात सरळ व्याज लावतात. पहिल्या ३ लाखांवर चार वर्षांचे १ लाख २० हजार, दुसऱ्या ३ लाखांवर ९० हजार, तिसऱ्यावर ६० हजार, झाले २ लाख ७०. म्हणजे हप्ता चालू होईल त्या दिवशी देणं ११ लाख ७० हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साडेपंधरा हजाराच्या आसपास आणि एकूण भरणार साडेअठरा लाखांच्या वर. दुसरं, साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात. तुमच्याकडे काय आहे, एफडी का फ्लॅट?

*बी-३०२:* फ्लॅटच काका. त्याचंच होमलोन आत्ता कुठे संपलंय.

*डी-२०३:* ताई मी जरा सविस्तर लिहितो, कारण भोसरीच्या कंपनीत अकाउंट्सला माणसं घ्यायचं काम माझ्याकडेच आहे. मागच्या वर्षी आम्ही तीन फ्रेशर घेतले, एक साध्या अनुदानित कॉलेजचा बीकॉम, एक मुलगी अशाच मोठ्या फीच्या युनिव्हर्सिटीतली आणि एक सीएची मधली परीक्षा, म्हणजे इंटर झालेला. पहिल्या दोघांना सारखाच पगार, हातात २२ हजार. कॉलेज कुठलं हे मी फॉर्मवर वाचलं आणि पुढे गेलो, खरं सांगतो. मी त्यांना टॅलीत, म्हणजे अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये, दहा व्हाउचर (व्यवहारांच्या नोंदी) टाकायला दिले, एक बँक रिको, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायला दिलं आणि जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचं किती क्रेडिट मिळेल ते दाखवणारं स्टेटमेंट, पुढे ठेवून कुठल्या बिलाचं क्रेडिट मिळणार नाही ते शोधायला सांगितलं. इंटरवाल्या मुलाने वीस मिनिटांत शोधलं कारण तो आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या ट्रेनिंगला, रोज तेच करत होता, त्याला सुरुवातच ३५ ला केली. आता २२ हजारातून साडेपंधराचा हप्ता गेला की उरतात साडेसहा, त्यात पोरीने येणं-जाणं, डबा, मोबाईल करायचं का घरी काही द्यायचं. ८०ई चं म्हणाल तर २२ हजार पगारावर टॅक्सच बसत नाही तर सूट कशातून घेणार, हप्ता भाऊजींनी भरला आणि ते जुन्या टॅक्स रेजीममध्ये असले तरच काही फायदा. माहितीपत्रकात 'हायेस्ट पॅकेज' छापलेलं असतं ते एका मुलाचं असतं ताई. तुम्ही फोन करून विचारा की मागच्या बॅचमधल्या मधल्या नंबरच्या मुलाला हातात किती मिळतात आणि किती जणांना काहीच मिळालं नाही. आणि आमच्या लाइनमध्ये ज्या कागदाने पगार खरंच बदलतो तो सीएचा, त्याच्या तिन्ही लेव्हलच्या (फाउंडेशन, इंटर, फायनल) रजिस्ट्रेशन फिया मिळून लाखाच्या आत बसतात. क्लास लावले तरी ९ लाखाच्या जवळपास जात नाही.

*ए-४०३:* दादा सीए सोपं असल्यासारखं नका लिहू प्लीज. माझ्या भावाची फायनलला सहा वर्षं गेली. मे २०२४ ला फायनलच्या पेपरांचे दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी १९.८८ टक्के पास, नोव्हेंबरला १३.४४. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपचे मिळून ५० टक्के लागतात, तो एकदा चार मार्कांनी राहिला. बरोबरचे सगळे नोकरीला लागलेले आणि हा २८ व्या वर्षी घरी पुस्तकं घेऊन बसलेला, आई त्याच्या खोलीचं दार हळू लावायची. त्या वर्षांची पण किंमत असतेच ना?

*डी-२०३:* असते. तुमचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. म्हणूनच साधं बीकॉम बरोबर करायचं. फायनल लटकली तरी हातात डिग्री, इंटर आणि दोन वर्षांची आर्टिकलशिप राहते, मी २०११ ला ३१ मार्चच्या रात्री क्लायंटच्या गोडाऊनमध्ये नटबोल्टच्या गोणी मोजत बसलो होतो, स्टॉक म्हणजे काय ते त्या रात्री कळलं. आणि मुख्य म्हणजे घरावर कर्ज नाही, त्यामुळे पोरगी २५ व्या वर्षी 'मला नाही जमत' म्हणू शकते. ११ लाख ७० हजार डोक्यावर असले तर तेही म्हणता येत नाही.

*सी-५०१ काका:* लोन वाईट नाही बरं का. घ्यायचंच असेल तर साडेसातच्या आत ठेवा, फ्लॅट गुंतवू नका, आणि शिकत असतानाच व्याज भरत चला, बऱ्याच बँका त्यावर दरात १ टक्का सूट देतात.

*ए-१०४:* वहिनी मी घाईत लिहिलं, काकांचा हिशोब मला माहीत नव्हता. तो दाखवा भाऊजींना.

*बी-३०२:* आत्ताच दाखवला ह्यांना. साडेअठरा लाख वाचून दोनदा विचारलं, नक्की का. लेक म्हणतेय की मैत्रिणी तिकडे जातायत म्हणून तिला जायचं होतं, सीएचं मनात आहे पण भीती वाटते. ए-४०३ ताई, तुमच्या भावाशी तिला बोलता येईल का? तो आत्ता काय करतो?

*ए-४०३:* झाला सीए, सातव्या ॲटेम्प्टला 🙏 रविवारी घरी येतोय, पाठवा तिला.

*बी-३०२:* पाठवते. शुक्रवारचे ५० हजार आम्ही भरत नाही. डी-२०३ दादा, ती १० व्हाउचरची परीक्षा तिला एकदा घरी द्याल का, तिला स्वतःलाच बघायचंय.

*डी-२०३:* शनिवारी संध्याकाळी ६ ला. लॅपटॉप माझा, टॅली आहे त्यावर.