घरचे नियम लावले म्हणजे खेळ बाटवला काय?

नववी गल्ली
डंजन्स अँड ड्रॅगन्सबद्दल बोलतोय, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ; डीएम म्हणजे तो चालवणारा. परवा 'जुना डीएम' यांनी इथं लिहिलं, "सेकंड एडिशनला घरचे नियम लावणारे खेळतच नाहीत, नुसत्या गोष्टी सांगत बसतात. मरायची भीती वाटते त्यांनी फिफ्थ खेळावी." दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितोय.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं टेबल सात वर्षं चालू आहे. रविवारी दुपारी, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. पुस्तक सेकंड एडिशनचं, १९८९ चंच. बदललंय ते तीन ठिकाणी. हिट पॉइंट म्हणजे जीव किती उरला त्याचा आकडा; तो शून्य झाला तरी कॅरेक्टर मरत नाही, उणे दहापर्यंत तग धरतं. ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग या माणसाखेरीजच्या जमातींना लेव्हलची, म्हणजे अनुभवानं चढायच्या पायऱ्यांची, मर्यादा नाही. आणि थॅको काढला, म्हणजे एसी शून्य असलेल्याला वार लागायला वीस बाजूंच्या फाशावर लागणारा आकडा. एसी म्हणजे चिलखताचा आकडा; पुस्तकात तो जितका लहान तितकं चिलखत भारी. आमच्याकडं उलटं, चिलखत जेवढं भारी, तेवढा एसी मोठा.

पहिला तर घरचा नियमसुद्धा नाही. डीएमच्या पुस्तकातच ऐच्छिक म्हणून दिलाय. दर राउंडला एक पॉइंट जातो, मंत्राने वाचवलं तरी फक्त एका पॉइंटवर येतं, दिवसभर अंगात त्राण नसतं आणि पाठ केलेले सगळे मंत्र पुसले जातात. ह्याला भीती म्हणायचं का?

हा नियम का आणला तेही सांगतो. कागलहून एसटीनं येणारा एक पोरगा होता. विझार्ड, तीन हिट पॉइंट. साडेचारला गॉब्लिनचा बाण लागला आणि सात वाजेपर्यंत तो नुसता दुसऱ्यांचे फासे बघत बसला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याला नवा विझार्ड घेऊन आला, पण नावाची जागा कोरी. विचारलं तर म्हणाला, "टिकला तर ठेवतो." त्याच दिवशी आम्ही नियम बदलला.

जुना डीएम
पोराचं वाईट वाटलं. उणे दहाचं सोडून देतो, पुस्तकात आहे ते आहे. पण लेव्हलच्या मर्यादेला हात लावलास तिथं चुकलास.

ड्वार्फला अंधारात साठ फूट दिसतं. विष आणि जादूविरुद्ध सेव्हला, म्हणजे त्यातून वाचायच्या फाशाला, वाढीव आकडा मिळतो. माणसाला काय मिळतं? कुठलाही क्लास (फायटर, विझार्ड, थीफ असा पेशा) घ्यायची मुभा आणि न थांबणारी लेव्हल, बस्स. ड्वार्फ फायटर पंधराव्याला थांबतो, हाफलिंग नवव्याला, म्हणून तर कुणीतरी माणसाचं कॅरेक्टर घेतो. ती मर्यादा काढून आम्हीपण खेळलोय. सहा जणांत एकानंही माणूस घेतला नाही. शहर माणसांचं, राजा माणूस, आणि खेळणाऱ्यांच्या टोळीत औषधाला माणूस नाही. नियम एकमेकांत गुंतलेत. एक सोडवला की दुसरा उसवतो.

१९७४ च्या पहिल्या तीन पुस्तिकांत ज्यानं त्यानं आपापलं भरून घ्यायचं होतं, मान्य. पण खेळाचा एक जनक गायगॅक्स, त्यानं पुढं अॅडव्हान्स्ड ही आवृत्ती काढली ती सगळ्या टेबलांवर एकच खेळ असावा म्हणून.

आणि थॅको? वजाबाकी तिसरीतल्या पोराला येते.

गूळवाला
शंभर टक्के. थॅकोतून एसी वजा. सतरातून तीन गेले, चौदा पाहिजे. एसी उणे दोन असला तर एकोणीस. संपलं. आमचे वडील मार्केट यार्डात तीस वर्षं गुळाचे सौदे करतात. रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) भाव, अडत, हमाली, तोलाई सगळं तोंडी, कागद नंतर. आणि आपल्याला एक वजाबाकी जड जाती? काय बोलायलास मर्दा!

नववी गल्ली
मग हे बघ. थॅको सतरा म्हणजे हल्ल्याला अधिक तीन. एसी तीन म्हणजे नव्या पद्धतीनं सतरा. फाशावर चौदा, अधिक तीन, सतरा. तोच फासा, तोच निकाल. तिसऱ्या एडिशननं २००० साली हेच केलं. बदललं काय, सांग.

गूळवाला
बदललं की. एसी एक म्हणजे पहिल्या नंबरचं चिलखत, हे ऐकल्याबरोबर कळतं. उणे एसी ऐकला की टेबल गप्प होतंय. तुझ्या एकवीस-बावीसला कोण गप्प बसणार? ड्रॅगनचा एसी उणे आहे हे पहिल्यांदा कळलं तेव्हा माझ्या हातातला चहा गार झालेला.

चिठ्ठीवाला
थॅकोवर एवढं भांडताय, आमच्याकडं वीस बाजूंचा फासाच नव्हता. कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळायचा? एक ते वीसच्या चिठ्ठ्या करून बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या, हलवायच्या, एक उचलायची आणि वाचून परत टाकायची. परत टाकायला विसरलं की पुढच्याचा वीस गायब. त्यावरनं किती भांडणं झाली! १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा कंपनीनंच खेळाच्या बेसिक सेटच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या होत्या. मग कुठला नियम पवित्र आणि कुठला घरचा, हे ठरवायचं कुणी?

जुना डीएम
चिठ्ठीनं शक्यता बदलत नाही. लेव्हलची मर्यादा काढल्यानं बदलते. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

टेंबलाईवाली
वजाबाकी तिसरीतल्या पोराला येते, हे वाक्य मला चांगलं माहीत आहे.

चार वर्षांपूर्वी एका टेबलावर पहिल्यांदा गेले. सहा जण, मी एकटीच मुलगी. थीफ घेतली होती. पहारेकऱ्याच्या मागून गेले, बॅकस्टॅब. थॅको वीस, त्याचा एसी पाच, मागून वार म्हणून अधिक चार. ते चार फाशात मिळवायचे की थॅकोत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी थॅकोत मिळवले आणि "एकोणीस लागतील" म्हणाले. अख्खं टेबल हसलं. "तिसरीतली वजाबाकी" तेव्हाच कानावर पडलं. खरं तर अकरा लागत होते आणि माझ्या फाशावर बारा होते. वार लागला होता. हसण्यात कुणी फासा बघितलाच नाही, डीएम पुढच्याकडं वळला.

मी पतसंस्थेत दिवसभर आकडेच लावते. मला वजाबाकी येते. परत त्या टेबलावर गेले नाही.

गूळवाला
ताई, मी तुम्हाला उद्देशून नव्हतो म्हटलं. वडिलांचं सांगत होतो.

टेंबलाईवाली
तुमच्या वडिलांनी तीस वर्षं रोज तेच केलं म्हणून त्यांना येतं. पहिल्या दिवशी त्यांनाही कुणीतरी शेजारी बसून शिकवलंच असेल ना?

गूळवाला
हो. आजोबांनी.

जुना डीएम
ते टेबल माझं नव्हतं, पण माझं असतं तर मी हसणाऱ्याला उठवला असता. आणि तरीही विचारतो, हसणारे नालायक होते यात थॅकोचा काय दोष? हसणारे अधिक तीनवरही हसतील.

नववी गल्ली
हसतील. पण बेरजेत 'कुठं मिळवायचं' हा प्रश्नच येत नाही. बॅकस्टॅबचे चार, तलवारीचा एक, सगळं फाशात. थॅकोत प्रत्येक आकड्याला दिशा विचारावी लागते. आमच्याकडं तो वेळ वाचला, दुपारी एक लढाई जास्त होते. सात वर्षांचं टेबल आहे, उगाच बोलत नाही.

जुना डीएम
ठीक. नवीन माणसासाठी चढता एसी चालेल. माझ्या पडद्यामागं मी थॅकोच वापरणार, आणि तू मला त्यावरनं काही बोलायचं नाहीस. पण लेव्हलच्या मर्यादेवर मी एक इंच हलणार नाही. माणसाला काहीतरी दे, मग काढ. नुसती काढू नकोस.

नववी गल्ली
काय द्यायचं?

जुना डीएम
एक्सपीला, म्हणजे अनुभवाच्या गुणांना, दहा टक्के जास्त. पहिल्या लेव्हलपासून.

नववी गल्ली
दहा जास्त होतात, क्लासचा मुख्य गुण चांगला असला की त्याचे (प्राइम रिक्विझिटचे) दहा मिळतातच. पाच करतो. ह्या रविवारी लावून बघतो. टेंबलाईवाली, तुम्ही येणार असाल तर चार वाजता या, जिना मागच्या बाजूनं आहे.

टेंबलाईवाली
येते. थीफच घेणार. आणि माणूसच.