रोज रात्री आठ वाजता एक गाणे

डोंबिवली पूर्वेतील आमच्या सोसायटीचा ग्रुप, ३१ मार्च ते १५ एप्रिल २०२०

१०३, सचिव (३१ मार्च, सकाळी १०.१५)
सर्व सभासदांस सविनय नमस्कार. टाळेबंदीचा आज सातवा दिवस आहे. दुधाची गाडी उद्यापासून सात वाजता फाटकाशी येईल. प्रत्येक मजल्यावरून एकानेच खाली उतरावे आणि सुटे पैसे घरूनच आणावेत, म्हणजे कोणालाही रांगेत ताटकळावे लागणार नाही. दुसरा विषय असा की, २०१च्या आजींनी काल फोनवर एक सूचना केली आणि ती मला मनापासून पटली. रोज रात्री आठ वाजता एका घराने आपल्या आवडीचे एक गाणे ग्रुपवर सांगावे, ते का आवडते आणि त्या दिवशी घरात काय घडले हेही लिहावे. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागत असे तेव्हा गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचली जात आणि कुठल्या गावचे कोण आपल्याबरोबर तेच गाणे ऐकत आहे हे कळत असे. आपण तर एकाच जिन्याने येणारी-जाणारी माणसे आहोत, तरी शेजारच्या दारामागे काय चालले आहे हे या आठवड्यात कोणालाच कळेनासे झाले आहे.

४०२ (३१ मार्च, सकाळी १०.४०)
सचिवांच्या भावनेचा आदर राखून माझा विरोध नोंदवतो. हा ग्रुप पाणी, वीज, दूध आणि औषधे यांच्या सूचनांसाठी काढलेला आहे. रविवारी पाणी उशिरा येणार असल्याची सूचना सत्तर-ऐंशी व्हिडिओंच्या खाली गेली आणि आमच्या मजल्यावरील तीन घरांत दिवसभर पाणी नव्हते. त्यात गाण्यांची भर पडली, तर ज्येष्ठांच्या फोनमध्ये जागाही उरणार नाही.

१०३, सचिव (३१ मार्च, सकाळी ११.०५)
४०२च्या काकांचे म्हणणे रास्त आहे, म्हणून नियम असा ठेवू. दिवसाला एकच घर, एकच गाणे. व्हिडिओ पाठवायचा नाही. गाण्याचे नाव सांगायचे, ज्याला ऐकायचे तो शोधून ऐकेल. स्वतःच्या आवाजातले असेल तर मात्र ध्वनिमुद्रण पाठवण्यास हरकत नाही. सकाळपासून रात्री आठपर्यंत ग्रुपवर केवळ सूचना असतील. काका, आपण रेल्वेत हिशेबाची कामे केली आहेत. कोणत्या घराने कोणते गाणे दिले याची नोंद ठेवण्याचे काम आपण घ्यावे, अशी विनंती आहे.

४०२ (३१ मार्च, सकाळी ११.२०)
नोंद ठेवीन. एक दोनशेपानी वही कोरी आहे.

२०१, आजी (२ एप्रिल, रात्री ८.००)
आज रामनवमी. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच दुपारी बारा वाजता देवळाची घंटा कानावर पडली नाही. नातवाने जुन्या नऊवारीचा पाळणा बांधून दिला, सुंठ कुटली, खोबरे किसले आणि सुंठवडा केला. तो वाटता मात्र आला नाही, म्हणून डब्यात तसाच आहे. माझे गाणे गीतरामायणातले ‘राम जन्मला ग सखी’ आहे आणि त्याचे कारण थोडे जुने आहे. १९५५ साली रामनवमीलाच, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवे गीत येत गेले आणि एकूण ५६ गीते झाली. शब्द गदिमांचे, संगीत बाबूजींचे. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडाकडे रेडिओ होता. त्या काकू आदल्या रात्री अंगण सारवून ठेवत, सकाळी रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत आणि मग वाड्यातली सगळी बिऱ्हाडे चटया घेऊन खाली येऊन बसत. गीत चालू असताना कोणी हातातली परडीसुद्धा खाली ठेवत नसे, कारण तिचाही आवाज होतो. त्या वर्षी मला कळले की एका आवाजाभोवती पंधरा घरे एकत्र बसू शकतात, आणि आठ वाजताची सूचना मी त्याच आठवणीतून केली. खाली माझ्या आईचा एक पाळणा मी माझ्या आवाजात म्हणून पाठवते आहे. गळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, तरी घरात लहान मूल असेल त्यांनी लावून पाहावा.

३०३ (५ एप्रिल, रात्री ९.३५)
आज सर्वांचे दिवे लावून झाल्यावर लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. आमची पाळी उद्याची आहे, पण आजींना आजच सांगावेसे वाटले. माझी पत्नी मुंबईतील एका रुग्णालयात परिचारिका आहे हे आपणांस ठाऊकच आहे. लोकल बंद असल्याने ती एसटीच्या बसने जाते-येते आणि घरी पोहोचायला कधी अकरा, कधी बारा वाजतात. मी दाराबाहेर कढत पाण्याची बादली आणि साबण ठेवतो. ती कपडे त्यात भिजवते, आंघोळ करते आणि मग दुसऱ्या खोलीत झोपते. आमची मुलगी चार वर्षांची आहे. पहिल्या आठवड्यात ती बंद दाराशी बसून रडत असे आणि आतून तिची आई रडत असे. गेल्या तीन रात्री मी आजींचा पाळणा लावतो, तेव्हा ती निजते. पाळण्यात मध्येच आजींना ठसका लागतो, तिथे मुलगी दर वेळी ‘आजीला पाणी दे’ म्हणते.

१०३, सचिव (५ एप्रिल, रात्री ९.५०)
३०३, उद्यापासून आपल्या घराची भाजी आणि दूध आमचा मुलगा दाराशी आणून ठेवील. वहिनींना आमचा नमस्कार सांगावा.

४०४ (८ एप्रिल, रात्री ८.००)
सर्व काका-काकूंना नमस्कार. मी २० मार्चला जर्मनीहून परतलो. विमानतळावर माझ्या डाव्या हातावर शिक्का मारला गेला आणि मी घरातल्या मागच्या खोलीत चौदा दिवस होतो. आई ताट दाराशी ठेवून दोनदा टकटक करायची आणि आत निघून जायची. तिची पावले लांब गेल्याशिवाय मी दार उघडत नसे. ग्रुपवर त्या पहिल्या दिवसांत आमच्या घराविषयी काही कठोर शब्द लिहिले गेले होते. ते मी वाचले होते. भीतीपोटी लिहिले गेले हे मला समजते, म्हणून मी त्याचा राग धरलेला नाही, परंतु आई त्या रात्री जेवली नाही हे आपणांस ठाऊक असावे असे वाटते.

माझे गाणे कुमार गंधर्वांनी गायलेले कबीरांचे ‘सुनता है गुरु ग्यानी’. आज ८ एप्रिल, कुमारजींचा जन्मदिवस. ते १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मले. ते भजन मी लहानपणापासून बाबांच्या कॅसेटवर ऐकत आलो, पण या चौदा दिवसांत त्याच्यामागची हकिकत नव्याने वाचली. ऐन उमेदीत त्यांना क्षयरोग झाला. १९४८ साली ते हवापालटासाठी मध्य प्रदेशातील देवासला जाऊन राहिले आणि पुढची काही वर्षे त्यांना गाण्याची मनाई होती. मैफली गाजवणारा चोवीस वर्षांचा गायक अंथरुणावर पडून होता. स्ट्रेप्टोमायसिन हे तेव्हाचे नवे औषध मिळाल्यावर ते बरे झाले, तरी एक फुप्फुस निकामी झाले होते. त्या पडून राहण्याच्या काळात त्यांनी रस्त्यावरून येणारी माळव्यातली लोकगीते ऐकली, जोगी-फकिरांची निर्गुणी भजने ऐकली, पक्षी ऐकले. पुढे त्याच लोकधुनांमधून त्यांनी नवे राग बांधले. श्वास कमी पुरतो म्हणून त्यांनी लहान, तुटक आणि अचानक उसळणाऱ्या ताना घेतल्या, आणि तीच त्यांची गायकी ठरली.

माझ्या खिडकीतून मागची भिंत आणि ५०१ची गॅलरी एवढेच दिसते. मीही कान देऊन ऐकू लागलो. सकाळी सव्वासहाला कोकिळा, सातला ३०२कडचा मिक्सर, अकरा वाजता कोणीतरी पहाडे म्हणणारे मूल, जे तेराच्या पाढ्यात रोज एकाच ठिकाणी अडखळते. दहाव्या दिवशी ते मूल न अडखळता पुढे गेले, तेव्हा मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या.

५०१ (८ एप्रिल, रात्री ८.२५)
पहाडे म्हणणारी आमची धाकटी आहे. तिला तुझा मजकूर वाचून दाखवला, तर म्हणते, दादाला सांग की आता चौदाचा चालू आहे. ते कठोर शब्द ज्यांनी लिहिले त्यांत आमच्याही घरचे एक वाक्य होते. तुझ्या आईंना मी आत्ताच फोन करते आहे.

३०२ (१० एप्रिल, रात्री ८.००)
मिक्सरचा आवाज मागच्या खोलीपर्यंत जातो हे माहीत नव्हते. हे नारळाचे वाटण असते, आम्ही देवगडची माणसे. माझे गाणे मालती पांडे यांच्या आवाजातले ‘खेड्यामधले घर कौलारू’. दर वर्षी परीक्षा संपल्या की आम्ही गावी जातो, यंदा ते शक्य नाही. आई-वडील दोघेच तिथे आहेत. आंबा तयार आहे, पण तोडायला माणूस मिळत नाही आणि तोडला तरी बाजारात नेण्याची खात्री नाही. धाकटा भाऊ परवाना काढून टेंपोने थेट सोसायट्यांमध्ये पेट्या पोहोचवतो आहे. पाच डझनांच्या किमान वीस पेट्या लागल्या तर तो आपल्या फाटकापर्यंत येईल. तो येईल तेव्हा मी खाली उतरून लांबूनच त्याला बघणार आहे, कारण दोन्हीकडच्या माणसांची काळजी आहे. काल आईने फोन अंगणात नेऊन धरला आणि मी पाच मिनिटे नुसता माडांचा आवाज ऐकला.

४०२ (१० एप्रिल, रात्री ८.१०)
आमच्या नावे दोन पेट्या. वहीत गाणे आणि पेट्या, दोन्ही लिहिले.

१०४ (१४ एप्रिल, रात्री ८.००)
सप्रेम जय भीम. आज बाबासाहेबांची जयंती. दर वर्षी मी मुलांना घेऊन दादरला चैत्यभूमीवर जातो आणि रात्री वस्तीतल्या गायन पार्टीचा कार्यक्रम पहाटेपर्यंत ऐकतो. यंदा घरातच फोटोला हार घातला, मेणबत्ती लावली, मुलाने संविधानाची उद्देशिका वाचली आणि आम्ही सर्वांनी त्याच्या मागून ती म्हटली. मी आज एक गाणे न सांगता एका माणसाचे नाव सांगतो, कारण माझ्या घरी गाणे म्हणजे तोच माणूस. ते म्हणजे वामनदादा कर्डक. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. शाळेत न गेलेला हा माणूस मोठेपणी अक्षर शिकला आणि त्याने बाबासाहेबांवर शेकडो गीते रचून ती गावोगाव पायी फिरून गायली. माझे वडील गिरणीत कामाला होते. वामनदादा आमच्या चाळीत आले तेव्हा वडिलांनी त्यांच्यामागे कोरस धरला होता, आणि ती रात्र सांगताना म्हातारपणीही ते उठून उभे राहत. आज रात्री मी वडिलांची डफली काढून गॅलरीत दोन गीते म्हणेन. ज्यांना आवाजाचा त्रास होईल त्यांनी निःसंकोच सांगावे.

२०१, आजी (१४ एप्रिल, रात्री ८.०६)
निःसंकोच सांगते, दोनावर थांबू नका.

४०२ (१४ एप्रिल, रात्री ९.४०)
१०४, फार चांगले म्हणालात. आज माझीही पाळी लावून टाकतो, कारण ३ मेपर्यंत टाळेबंदी वाढल्याची बातमी सकाळी ऐकल्यापासून मन लागत नाही. मला गाण्यातले कळत नाही. मी छत्तीस वर्षे रेल्वेत काढली. १९७४ चा संप पाहिला, २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिला, परंतु फलाट इतके दिवस मोकळे पाहिले नाहीत. पहाटेची पहिली लोकल आमच्या स्वयंपाकघराच्या भांड्यांना थोडी हलवून जात असे. मांडणीतली एक वाटी दुसरीला लागून किणकिण करायची आणि त्यावर माझी जाग यायची. २३ मार्चपासून ती वाटी गप्प आहे. मी अजूनही चारच्या सुमारास जागा होतो आणि पडून राहतो. वहीत माझ्या नावापुढे ‘पहिली लोकल’ असे लिहिले आहे. सचिवांना नियमात बसत नसेल तर खोडतो.

१०३, सचिव (१४ एप्रिल, रात्री ९.४५)
बसते, काका. खोडू नये.

३०३, वहिनी (१५ एप्रिल, रात्री १२.५०)
इतक्या उशिरा लिहिण्याबद्दल क्षमा करावी, आत्ताच घरी आले. ग्रुपवरचे सगळे मी बसमध्ये वाचते. दिवसभर अंगावर संरक्षक पोशाख असतो, त्यात फोन हाती घेता येत नाही आणि समोरच्या माणसाला आपला चेहराही दिसत नाही, म्हणून आम्ही पोशाखावर आपापले नाव लिहून ठेवतो. परतीच्या बसमध्ये कोणी बोलत नाही. ज्या दिवशी आजींचा पाळणा आला त्या दिवशी मी तो बसमध्येच ऐकला. शेजारच्या सीटवरची सहकारी म्हणाली, आवाज वाढव, मलाही ऐकू दे. मग चालकाच्या मागच्या सीटपर्यंत सगळ्यांनी ऐकला. आजी, माझी एक विनंती आहे. मुलीला तो पाळणा पाठ झाला आहे आणि आता तो संपायच्या आतच ती पुढचा मागते. आपल्याला त्रास होणार नसेल तर आणखी एखादा म्हणून पाठवाल का?

२०१, आजी (१५ एप्रिल, पहाटे ४.१०)
बाळा, मी जागीच असते. आज दुपारी निवांतपणे म्हणून पाठवते. आईच्या या पाळण्यात एका ओळीत बाळाचे नाव घालावे लागते, तेव्हा तिला घरी काय म्हणून हाक मारता तेवढे कळव.

३०३, वहिनी (१५ एप्रिल, सकाळी ६.३०)
चिऊ म्हणतो, आजी.